विसाचा पेला

२०२३ सालच्या जुलैची अठरा तारीख. सकाळचे साडेआठ नुकतेच वाजून गेले होते, अंगणात पावसाची धार लागलेली होती, आणि सुरय्या ओसरीच्या पायरीवर बसून काचेचा पेला पदराने पुसत होती. पुसता पुसता तो तिच्या ओल्या बोटांतून सुटला, दगडावर आपटला आणि मधोमध तुटला. बुडाचा तुकडा गडगडत जाऊन भिंतीशी थांबला. वरच्या तुकड्याचा चुरा झाला.

सुरय्याने आधी रस्त्याकडे पाहिलं. कुणी नव्हतं. मग तिने चुरा सुपात भरला, आणि बुडाचा तुकडा मात्र फेकवेना म्हणून फडक्यात गुंडाळून माळ्यावर सारून दिला.

तिच्या अंगणाच्या मध्यावर, सिमेंटच्या चौथऱ्यावर, सरकारी पाऊसमापक होतं. वर एक नरसाळं आणि आत बाटली, एवढंच. चोवीस तासांचा पाऊस नरसाळ्यातून बाटलीत उतरायचा. सकाळी साडेआठला बाटली काढायची, पाणी पेल्यात ओतायचं आणि पेल्यावर कोरलेल्या रेघा वाचायच्या. पेला दहा मिलिमीटरचा. भरला की ओतून द्यायचा आणि एक चिंचोका बाजूला ठेवायचा. सात चिंचोके आणि वर चार रेघा, म्हणजे चौऱ्याहत्तर. आकडा वहीत लिहायचा आणि खाली धरणावर फोनने कळवायचा. धरणाचं पाणी शहराला जाई. त्यातलं किती धरून ठेवायचं आणि किती नदीला सोडून द्यायचं, हे जांभूळमुऱ्याच्या डोंगरावर किती पडलं त्यावर ठरे.

मापक बसलं ब्याऐंशी साली. दारात झाड नाही, अंगण मोकळं, म्हणून रहिमानचं घर निवडलं होतं. रहिमान कल्हई करायचा, गावोगाव हिंडायचा, पण साडेआठचं गणित सांभाळून. ईदच्या नमाजलासुद्धा तो वही भरून जायचा. त्या काळी पाऊस फार झाला की खालच्या गावच्या पोस्टातून तार करावी लागे. रहिमान घोंगडं पांघरून दोन तासांचा घाट उतरायचा, आणि पोस्टमास्तर खिडकीतूनच म्हणायचे, "आला बघा पाऊसवाला." दोन हजार सोळाच्या ऑगस्टमध्ये तो गेला. मय्यत ओसरीवर होती, बायका कुराण वाचत होत्या, आणि साडेआठ वाजले तशी सुरय्या त्यांच्यातून उठली, अंगणात गेली आणि बाटली काढून तिने पाऊस मोजला. तेव्हापासून वही तिच्याकडे आली. एकेचाळीस वर्षांत त्या वह्यांमध्ये एकही खाडा नव्हता.

पेला फुटल्याचं धरणावर कळवलं असतं तर आठवड्याभरात दुसरा आला असता. पण आदल्या उन्हाळ्यात काही साहेब येऊन आपोआप चालणाऱ्या यंत्रासाठी अंगण मोजून गेले होते. जाताना म्हणाले होते, "चाची, तुम्ही आहात तोवर आम्हाला घाई नाही." ते वाक्य तिच्या मनात बसलं होतं. शिवाय दोन वर्षांपासून तिला रेघा धुरकट दिसत होत्या, आणि ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

तिने नाचणीचं पीठ पिशवीत घेतलं आणि दहाची एसटी धरली. साताऱ्यात गाडी बदलून ती दुपारी वडूजला उतरली तेव्हा तिथे ऊन होतं. भिजलेल्या साडीचा काठ रस्त्यातच वाळून गेला.

नाथाजी वडूजच्या बाहेर मळ्यात राहायचे. लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. नव्वद साली साताऱ्याला पाऊस मोजणाऱ्यांचं तीन दिवसांचं शिबिर झालं होतं, तिथे त्यांची आणि रहिमानची गाठ पडली आणि पुढे ती टिकली. नाथाजींच्या बांधावरही एक जुनं मापक होतं. त्याला आता कुणी विचारत नव्हतं.

"भाभी, आज वाट चुकलासा का काय?" नाथाजी बाजेवरून उठले.

"पेला फुटला, नाथाजीभाऊ."

"कसा?"

"हातातनं सुटला. तुमच्याकडं हाय का जादा?"

"जादा कशाला, हाय त्योच घेऊन जावा. आमच्या पेल्यात पाऊस कमी आन् कोळिष्टकं जास्त." त्यांनी कपाटाच्या तळातून पेला काढला, फुंकर मारली. "सायबास्नी सांगितलं का?"

"न्हाई. सांगू बी नगा. म्हातारीचा हात कापतोय म्हनत्याल, आन् दुसऱ्या दिशी यंत्र आनून बशिवत्याल."

"मग, कापतोय का?"

"हात न्हाई कापत. जरा धुरकट दिसतंय."

नाथाजी हसले. "धुरकट दिसनारी बाई पाऊस मोजतीया. लष्करात असता तर तुमास्नी तोफखान्यात घातलं असतं."

तीही हसली. त्यांनी पेला तिच्या हातात दिला. जुन्यापेक्षा तो थोडा बुटका आणि पसरट वाटला.

"ह्यो विसाचा हाय," नाथाजी म्हणाले.

"आमचा धाचा व्हता."

"मग निम्म्याच फेऱ्या. तुमच्या तिकडच्या पावसाला ह्योच बरा. रहिमानभाई असता तर मी मागनं घेतला असता परत. तुमी ठेवा."

सहाच्या गाडीने ती घाट चढली. दुसऱ्या दिवशी साडेआठला नवा पेला घेऊन ती मापकापाशी उभी होती.

पुढचे दिवस पाऊस थांबलाच नाही. धरणावर त्या वर्षी जयराज नावाचे नवे शाखा अभियंता आले होते. पलूसकडचे, उसाच्या रानातले, वय तिशीच्या आत. डोंगरातला पाऊस ते पहिल्यांदाच बघत होते. तिच्या फोनची ते वाट बघत.

"चाची, बोला."

"दोनशे ऐंशी."

"किती?"

"दोनशे ऐंशी, सायेब. चौदा पेलं बराबर."

तिकडे कागद उलटल्याचा आवाज आला. मग, "बरं झालं वेळेवर सांगितलं. खालच्या गावांना कळवतो, दरवाजे उचलावे लागतील."

त्या दिवशी दुपारी ती घाटाच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. धुकं मधूनच फाटे आणि खाली धरणाच्या भिंतीशी पांढरा फेस दिसे. तिच्या शब्दावर एवढे लोखंडी दरवाजे उचलले गेले होते. रहिमानच्या वहीत तीनशेच्या वरचा आकडा कधीच नव्हता, हे तिला ठाऊक होतं. तेवीस जुलैला तिने एकोणीस चिंचोके मांडले, वर आठ रेघा. तीनशे अठ्ठ्याऐंशी. लिहिताना तिने नेहमीपेक्षा ठळक लिहिलं.

त्याच दिवशी तिचं डोणीकडे लक्ष गेलं. गुरांना पाणी पाजायची दगडी डोण अंगणात उघड्यावर होती, सरळ कडांची. आदल्या दिवशी सकाळीच तिने ती धुऊन पालथी घालून पुन्हा मांडली होती. तीनशे अठ्ठ्याऐंशी पाऊस म्हणजे जवळजवळ दोन विती पाणी हवं होतं. तिने हात घालून पाहिला. वीतभरसुद्धा नव्हतं. ती हात पाण्यात ठेवून तशीच वाकून राहिली. मग हात झटकला, पदराला पुसला. वाऱ्याने पाणी बाहेर उडालं असेल, असं ती स्वतःशीच मोठ्याने म्हणाली आणि आत गेली. दुसऱ्या दिवशी तिने डोण पालथीच ठेवली.

दरवाजे दहा दिवस उघडे होते. मग पाऊस थांबला. थांबला तो असा, की ऑगस्टमध्ये घाटमाथ्यावर धूळ उडाली. जुन्या माणसांनाही असा कोरडा श्रावण आठवेना. सप्टेंबरात दोन-चार सरी आल्या आणि गेल्या. धरण निम्म्याच्या थोडं वर भरलं होतं तिथेच राहिलं. एरवी रोज साडेआठला सुरय्या बाटली काढायची, उलटी करायची आणि वहीत शून्य लिहायची.

डिसेंबरात सुमैरा तिला मिरजेला डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेली. सुमैरा तिची एकुलती मुलगी, धरणाचं पाणी जाई त्याच शहरात शिवणाचे क्लास घ्यायची. आईने फोडणीत मोहरीऐवजी चहाची पूड टाकलेली तिने पाहिली होती. एका डोळ्याचं आणि मग पंधरा दिवसांनी दुसऱ्याचं ऑपरेशन झालं. तेवढे दिवस शेजारची शालूबाई बाटली बघून यायची. पाऊस नव्हताच.

परत आल्यावर सुरय्याला पहिल्यांदा स्वतःचे हात दिसले, किती म्हातारे झालेत ते. मग कोनाड्यातली जळमटं. मग पेला. पुसून ठेवताना तिने तो उजेडात धरला आणि बुडाशी कोरलेली बारीक अक्षरं तिला वाचता आली. शंभर चौरस सेंटिमीटर.

ती माळ्यावर चढली. फडक्यातून जुन्या पेल्याचा तुकडा काढला. त्याच्याही बुडाशी कोरलेलं होतं. दोनशे.

रहिमानने हे तिला एकदा सांगितलं होतं. लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात, कौतुकाने. मापकं दोन जातीची असतात, एक मोठ्या तोंडाचं आणि एक लहान. मोठ्या तोंडात पाणी दुप्पट येणार, म्हणून दोन्हींचे पेले वेगळे. तेव्हा ती भाकरी थापत होती आणि हं हं म्हणत होती.

तुटक्या पेल्याला चारपर्यंतच रेघा उरल्या होत्या. तिने चार रेघांपर्यंत पाणी भरलं, हात स्थिर धरून ते नाथाजींच्या पेल्यात ओतलं, आणि डोळ्याच्या रेषेत धरून पाहिलं. आठ. तिने ओतून दिलं, परत भरलं, परत ओतलं. आठ.

नाथाजींचं मापक लहान तोंडाचं होतं, तिचं मोठ्या. पेला विसाचा नव्हता. तिच्या अंगणात तो दहाचाच होता. बारा दिवस तिने प्रत्येक चिंचोका दोनदा मोजला होता.

संध्याकाळी शालूबाई उसनं पीठ मागायला आली, तर सुरय्याने आतूनच, बरं वाटत नाही, म्हणून सांगितलं.

फेब्रुवारीत शहराला दिवसाआड पाणी झालं. मार्चमध्ये चौथ्या दिवशी. मार्चच्या एका रविवारी सुमैरा धुण्याची दोन मोठी बोचकी घेऊन एसटीने वर आली. गावच्या झऱ्याला पाणी होतं.

"कंडक्टर मला म्हनतोय, ताई, लॉन्ड्री काढली का?" तिने बोचकी ओसरीवर टाकली. "काय करू मग? वीस मिनिटं नळ येतोय. तेवढ्यात प्यायचं भरायचं का धुवायचं?"

"सासूबाई कशा हायत?"

"हाताला प्लास्टर हाय. टँकरच्या गर्दीत पडल्या, मनगट मोडलं. या वयात कळशी घेऊन कशाला गेला, तर म्हनत्यात, तू क्लासला गेल्तीस, मला वाटलं एक कळशी मी आनावी." बोचकी घेऊन दोघी झऱ्यावर गेल्या, तिथे सुमैराने दगडावर बसून सदरा भिजवला. "पेपरात आलंय सगळं. त्या जयराज सायबानं जुलैत पानी सोडून दिलं. दहा दिवस नुसतं नदीला. त्याच्या घरात चौथ्या दिशी नळ येतोय का, इचार त्याला एकदा."

सुरय्याने दुसऱ्या बोचक्याची गाठ सोडली.

"आता म्हनतोय, वरनं आकडा आला म्हनून सोडलं. तुझ्यावर ढकलतोय का काय? तू तर बराबर सांगितला असशील."

"आन हिकडं." सुरय्याने तिच्या हातातला सदरा घेतला. "कॉलरीचा मळ असा निघत न्हाई."

"अम्मी, ऱ्हाऊ दे, मी धुते की."

"तू बस सावलीत."

दोन्ही बोचकी तिने एकटीने धुतली. चादरीसुद्धा. सुमैरा दोनदा उठून आली आणि दोनदा तिने तिला हाताने मागे सारलं. पिळता पिळता तिच्या बोटांची सालं निघाली. जाताना सुमैरा म्हणाली, "तुझं काय बिघडलंय का? मी काय बोलले का तुला?" सुरय्याने मान हलवली आणि पाण्याचे दोन कॅन तिच्याबरोबर गाडीत चढवून दिले.

एप्रिलमध्ये जयराज स्वतः वर आले. ओसरीवर बसले नाहीत, उभ्या उभ्याच बोलले. ते बारीक झाले होते.

"चाची, चौकशी लागली आहे. बुधवारी साताऱ्याला या. वही घेऊन या."

"मला बोलाया लागंल?"

"विचारतील तेवढंच. माझ्याजवळ दुसरं काही नाही. तुमच्या वहीवर माझी नोकरी आहे."

बुधवारी तिने वही पिशवीत घातली आणि खाली, फडक्यात गुंडाळून, दोन्ही पेले. घाट उतरताना ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती. मॅडम, पाऊस तेवढा पडला नव्हता, पेला चुकला. शेजारच्या बाईने विचारलं, "दुआ म्हनताय का?" तिने व्हय म्हणून सांगितलं.

चौकशीच्या मॅडम पुण्याहून आल्या होत्या. टेबलाभोवती चार-पाच माणसं, एका बाजूला जयराज. मॅडमनी वही उघडली, पानं मागे-पुढे केली.

"तेवीस जुलै. तीनशे अठ्ठ्याऐंशी. हा आकडा तुमच्या हातचा?"

"व्हय."

"दोन हजार सोळापासून तुम्ही नोंद घेता. त्याआधी तुमचे मिस्टर. आणि एकही दिवस रिकामा नाही?"

"न्हाई." मग तिने तोंड उघडलं. "मॅडम, त्यो—"

"आमच्या ऑफिसात सलग महिनाभर हजेरी लागलेला माणूस दाखवा मला," मॅडम बाकीच्यांकडे बघून म्हणाल्या. सगळे हसले. जयराजही हसले. एका कारकुनाने उठून तिच्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला. त्या हसण्यात तिचं वाक्य राहून गेलं. हसणं थांबेपर्यंत मॅडमनी कागद पुढे सरकवला होता आणि सहीची जागा बोटाने दाखवली होती.

सुरय्याने सही केली.

बाहेर कॅन्टीनच्या बाकावर जयराजनी तिच्यासाठी चहा आणला. तिने पिशवीतून फडकं काढून दोघांच्या मध्ये ठेवलं. गाठ सोडायला बोटं लावली.

"राहू द्या बांधलेलं," जयराज म्हणाले.

ती थांबली.

"पेला बदलला होता ना?"

"तुमाला कुनी सांगितलं?"

"धरणानं." ते समोर बघत होते. "चोवीस तारखेला दुपारी मी भिंतीवर जाऊन पातळी बघितली. तुमच्या आकड्यानं तळं जेवढं चढायला हवं होतं, त्याच्या निम्मंच चढलं होतं. मी परत परत गणित केलं. मग कळलं, वर काहीतरी दुप्पट होतंय."

"मग दरवाजे?"

"तोवर पाच दिवस सोडलं होतं. बंद करायचे तर का बंद केले ते लिहावं लागलं असतं. पाच दिवस तू काय बघत होतास, असं विचारलं असतं." त्यांनी कप बाकावर ठेवला. "म्हटलं, पाऊस काय, ऑगस्ट आहे, सप्टेंबर आहे. भरेल. आणखी पाच दिवस सोडलं."

एक एसटी वळण घेऊन गेली.

"आमच्या डोणीत वीतभर बी पानी नव्हतं," सुरय्या म्हणाली. "मी हात घालून बघितला व्हता. तेवीस तारखेला."

जयराजनी पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं.

"माझी लेक शहरात हाय," ती म्हणाली.

"माझी आई येऊन राहिली आहे," ते म्हणाले. "टँकरच्या रांगेत उभी राहते. मी म्हटलं, उभी राहू नको, लोक तुला बोलतील. तर म्हणते, लोक काहीही बोलतात, तू चुकलेला नाहीस हे मला माहीत आहे."

शिपाई दारात आला. "जांभूळमुऱ्याच्या बाई कोण? मॅडम बोलावतायत."

सुरय्या उठली. फडकं तिने हातात घेतलं. जयराज उठले नाहीत. दोन्ही तळहात गुडघ्यांवर ठेवून ते जमिनीकडे बघत राहिले, आणि ती चार पावलं जाईपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

मॅडम निघायच्या तयारीत होत्या. चष्मा कपाळावर, वही अजून उघडी. "आजी, एकच राहिलं. शेऱ्याचा रकाना पूर्ण रिकामा आहे. म्हणजे यंत्र बिघडलं, बाटली सांडली, काही फुटलं, असं काही असेल तर तिथं लिहायचं असतं. जुलैत तसं काही झालं होतं का?"

यावेळी कुणी हसत नव्हतं. खोलीत तिसरं कुणी नव्हतंच. पंखा फिरत होता आणि मॅडम पेन उघडून थांबल्या होत्या. त्यांना घाई दिसत नव्हती. सुरय्याने फडकं पदराच्या आत घेतलं.

"न्हाई," ती म्हणाली.

"नक्की?"

"काय झालं न्हाई, मॅडम."

मॅडमनी रकान्यावर वरपासून खालपर्यंत एक तिरपी रेघ ओढली आणि वही तिला परत दिली.

ती बाहेर आली तेव्हा बाक रिकामा होता. तिचा चहा तसाच होता, त्यावर साय धरली होती.

चौकशीचा अहवाल जूनमध्ये आला. जुलैतला अभूतपूर्व पाऊस आणि त्यानंतरचा खंड, असं कारण त्यात दिलं होतं. कुणावर दोष नव्हता. तोवर पाऊस सुरू झाला होता आणि शहरात कुणी तो अहवाल वाचला नाही.

जयराजची बदली सांगलीकडे कालव्याच्या कामावर झाली. तिथे त्यांना बढती मिळाली. त्यांच्या खात्यातली माणसं सांगतात, ते रोज पहाटे स्वतः पाणी मोजायला जातात आणि हाताखालच्या कुणाच्या आकड्यावर सही करत नाहीत. लोकांना ते संशयी वाटतात. दोन ईदला त्यांचा सुरय्याला फोन आला. दोन्ही वेळा ते सुमैराबद्दल विचारून थांबले.

नाथाजींचा पेला सुरय्याने नेऊन दिला. "लागला का उपयोगी?" त्यांनी विचारलं, आणि ती म्हणाली, "लय." ते २०२५ च्या थंडीत गेले. त्यांच्या मुलांनी बांध काढून द्राक्षं लावली, तेव्हा मापक भंगारात गेलं.

सुमैराच्या सासूबाईंचं मनगट वाकडंच बसलं. त्यांना आता पोळपाटावर जोर देता येत नाही. सुमैराने गच्चीवर मोठी टाकी बसवून घेतली आहे. आईकडे आली की ती अजून सांगते, "अम्मी, तुझी वही होती म्हनून तो सायेब सुटला."

अहवाल आला त्याच जूनमध्ये सुरय्याने मापक सोडलं. डोळे गेले, असं तिने कळवलं. डोळे तिचे तेव्हा चाळीस वर्षांत नव्हते इतके चांगले होते. पंधरा ऑगस्टला धरणावर तिचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. शाल तिने येतानाच गाडीत शालूबाईच्या खांद्यावर टाकली. अंगणात आता आपोआप चालणारं यंत्र आहे. ते कुणाला काही विचारत नाही. तरी साडेआठला तिला जाग्यावर बसवत नाही.

आणि धरणाच्या वळणावर, दरीच्या कडेला, गेल्या वर्षी पर्यटकांसाठी एक मोठा निळा फलक उभा राहिला. त्यावर धरणाची उंची आहे, बांधल्याचं साल आहे, आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलं आहे: पाणलोटातील सर्वाधिक पाऊस, २३ जुलै २०२३, जांभूळमुरा, ३८८ मि.मी. लोक गाड्या थांबवून तिथे फोटो काढतात. सुरय्या शहरात मुलीकडे जाते तेव्हा गाडी तिथूनच जाते. ती नेहमी डोंगराच्या बाजूची जागा धरते.